मिठाच्या डबीचं झाकण

आलेखात वायफायच्या जागी अचूक खड्डा पडला, तेव्हा फिल्टरवालीनं हातातला घास तसाच धरून स्वतःचं मनापासून अभिनंदन केलं. कंपनीत सगळे तिला फिल्टरवालीच म्हणत. अल्ट्रावाइडबँड म्हणजे फार रुंद पट्ट्यात बोलणारी बिनतारी यंत्रणा. तिच्या फिल्टरनं तो अख्खा पट्टा आत घ्यायचा आणि मध्येच नाक खुपसणाऱ्या वायफायला तेवढं बाहेर ठेवायचं, म्हणजे आलेखाच्या रेघेत तिथे खड्डा पडायला हवा. कित्येक महिने तो खड्डा रुसून बसला होता. उद्या ग्राहक येणार होते. पसंत पडलं नाही तर काम बंद. आणि आज जेवता जेवता तो पडला! ‘प्रयोगशाळेत खाऊ नये’ अशी पाटी दारावर होती. ती तिनंच लावली होती.

दुसऱ्या दिवशी ग्राहकांकडच्या बाई पडद्यासमोर बसल्या. रेघ सपाट.

“खड्डा कुठाय?” बाईंनी विचारलं.

“वायर सैल असेल,” साहेब म्हणाले. वायर घट्ट होती.

“मग काल काय वेगळं होतं?” साहेब कुजबुजले.

फिल्टरवालीला एकदम आठवलं. काल जेवताना फिल्टरवर खरकटं सांडू नये म्हणून तिनं त्यावर मिठाच्या डबीचं स्टीलचं झाकण उपडं घातलं होतं आणि मोजणी तशीच चालू ठेवली होती. म्हणजे खड्डा झाकणानं पाडला होता. आणि ते झाकण आज मिठाच्या डबीसकट नवऱ्याच्या जेवणाच्या डब्यात गेलं होतं.

तिनं बाहेर जाऊन फोन लावला. “जेवलास?”

“आज एवढं प्रेम?”

“मिठाच्या डबीचं झाकण घेऊन ये. धावत.”

“तेच ना, माझ्या हातून पडून पोचा आलेलं? ज्यावरून आठवडाभर माझं डोकं खाल्लंस?”

“तेच. आणि पुसून आण.”

नवऱ्याचं ऑफिस शेजारच्याच इमारतीत. तो धापा टाकत आला. झाकण बसलं, खड्डा पडला.

“हे काय आहे?” बाईंनी झाकणाकडे बोट दाखवलं.

“मॅडमचा खास अभ्यास,” साहेब ठोकून मोकळे झाले.

फिल्टरवालीनं लाजेनं मान खाली घातली. बाईंना तो विनय वाटला. “छान! अगदी अशीच डझनभर पाठवा.”

भांड्यांच्या दुकानदारानं नुसती झाकणं द्यायला साफ नकार दिला, तेव्हा ती डझनभर डब्याच घेऊन आली. झाकणं त्याच मापाची, लख्ख. पण प्रत्येकाचा खड्डा वायफायला सोडून भलतीकडेच. दोन दिवस आकडेमोड केल्यावर तिच्या शास्त्रीय बुद्धीला उलगडलं, की उरलेलं काम तो पोचा करत होता. तिनं हातोडी घेऊन पाहिलं. एक झाकण सपाट झालं, दुसऱ्याला भोक पडलं.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात उरलेली झाकणं मांडून नवऱ्यासमोर उभी राहिली.

“अरे, त्या दिवशी कसं पाडलं होतंस?”

“मुद्दाम नव्हतं गं पाडलं!”

“माहितीये. पण आठव ना, ओट्यावरून की हातातून?” तिनं एक झाकण त्याच्या हातात दिलं आणि वही उघडली. “पाड बघू. आणि हे बघ, मी ओरडणार नाही.”