दिवेवालीचे निवडक सहा

"बावीसपैकी सहाच नेता येतील, बाबा. सगळ्यांत चांगले सहा तू निवड," लेक फोनवर म्हणाली, आणि सूचनाकाकांच्या हातातला कप ओठांपर्यंत जाता जाता वाटेतच थांबला. त्यांच्या फोनवर 'जेवलास का', 'गोळी घेतलीस का' आणि 'बरं, ठेवते' यांच्यानंतर चौथं वाक्य कधी आलं होतं, ते त्यांनाही आठवत नव्हतं.

"कसले सहा?"

"दिवेवालीचे खंड रे! माझ्या फळीवर आहेत ते. इथली नवी खोली म्हणजे काडेपेटी आहे. खिडकीच्या कट्ट्यावर सहा उभे राहतील, सातवा ठेवला तर मला बाहेर झोपावं लागेल. रविवारी येते, सोमवारी निघते. उरलेले एका दातांच्या डॉक्टरला द्यायचे कबूल केलेत. तो शनिवारी येऊन घेऊन जाईल."

"पण मी कसा निवडणार? तूच सांग ना."

"माझ्याच्याने एकही सोडवणार नाही. तू परका आहेस, तुला जमेल." बोलून गेल्यावर तिचं तिलाच काहीतरी टोचलं असावं. "म्हणजे, पुस्तकांना परका. वाच की जरा. तेवढाच वेळ जाईल तुझा. बरं, ठेवते."

वेळ हा एकच माल काकांच्या घरात गरजेपेक्षा जास्त साठला होता. काकू गेल्यापासून तर त्याला उठावच नव्हता. लेक येणार एका दिवसासाठी. तिच्या नोकरीबद्दल विचारावं तर ती सांगते ते कळत नाही. आपल्या तब्येतीबद्दल सांगावं तर ती घाबरते, आणि घाबरली की रागावते. पण हे खंड वाचले, नीट निवडले, तर निदान दुपारभर बोलायला विषय होईल. निवड चुकली तर 'बरं, ठेवते' समोरासमोर ऐकावं लागेल.

काकांनी खुर्ची ओढली आणि पहिला खंड काढला.

'सूचनाकाका' हे नाव त्यांना धंद्याने चिकटवलेलं. पंखा किंवा इस्त्री घेतली की खोक्याच्या तळाशी जी पातळ पुस्तिका निघते आणि जी कोणीही न उघडता डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली जाते, ती ते लिहीत असत. 'ओल्या हातांनी बटण दाबू नये' हे वाक्य त्यांनी स्वतःच्या सहीपेक्षा जास्त वेळा लिहिलं होतं. सबंध नोकरीत त्यांच्या हाती एकच शहाणपण लागलं: सूचना कोणी वाचत नाही. मग आपणच कशाला वाचा, म्हणून तेही वाचत नसत.

त्यामुळे खंड उघडल्यावर पहिल्याच पानावर पंजा पुढे करून उभी असलेली मुलगी दिसली आणि तिच्याखाली चौकटीत जाड अक्षरं व उद्गारचिन्हं दिसली, तेव्हा काकांच्या सरावलेल्या डोळ्यांनी ती सूचना असल्याचं ताबडतोब ओळखलं आणि पान उलटलं.

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, एवढं त्यांना लेकीकडून माहीत होतं. पण ही माणसं बोलत मात्र विचित्र. एक जण ओरडे, "मुळीच नाही!" आणि पुढच्या चौकटीत दुसरा विचारी, "तू माझ्यावर रागावलीस का?" काकांना याचं नवल वाटलं नाही. काकू होत्या तोवर या घरातही उत्तर आधी यायचं आणि प्रश्न मागाहून.

गोष्ट त्याहून विचित्र. दिवेवाली ही समुद्रातल्या बेटांवर जाऊन तिथल्या दीपस्तंभांचं काम करणारी मुलगी. दर खंडात एक नवं बेट. सुरुवातीला दिवा लख्ख पेटलेला; गावकरी तिचे हात हातात घेऊन रडत आभार मानतात. मग ती शिडी चढते, पेटीतून पाना काढते आणि चांगला चाललेला दिवा बिघडवून ठेवते. बेटावर काळोख होतो, होड्या खडकांवर आपटतात, लोक डोक्याला हात लावून बसतात, आणि ही पेटी उचलून बेट सोडते.

"हे कसलं खातं?" काका स्वतःशी म्हणाले. पण लेकीचं खातं तरी त्यांना कुठे कळत होतं?

काही खंडांत शेवटी तिचं घर येई. फाटकात म्हातारा बाप, हात वर केलेला, रस्त्यावर दिवेवाली. तीही घराकडे पाठ करून. प्रत्येक चौकटीत थोडी जवळ, थोडी मोठी. चौथ्या खंडाला काकांच्या डोक्यात उजेड पडला. पोरीला घराची ओढ आहे! दिवा चालू असेपर्यंत रजा मिळत नाही, म्हणून ती तो बिघडवते. आणि इतका उशीर केल्यावर बापाला तोंड कसं दाखवायचं, म्हणून पाठमोरी येते. काकांनी चष्मा काढून पुसला. काय लिहितात ही माणसं!

शेजारच्या बाई वाटीभर साखर परत करायला आल्या, तेव्हा काकांनी त्यांना दारातच धरून सगळं ऐकवलं.

"अहो, पण चांगला दिवा बिघडवायचा म्हणजे नोकरी नाही का जाणार तिची?" बाईंनी विचारलं.

"जाऊ दे की! घरी तर येते."

"आणि तुमची कधी येणार?"

"रविवारी. पुस्तकं न्यायला."

"पुस्तकं न्यायला. म्हणजे तुम्हाला बघायचं ते जाता-येता." बाईंची जीभ सुरीला धार लावून द्यायची. "तिच्याकडे बिघडवण्यासारखं काही नाही वाटतं?"

काका हसले. मग दार लावल्यावर बराच वेळ हातात साखरेची वाटी धरून उभे राहिले.

तरी निवड मात्र सोपी झाली. ज्या खंडांच्या शेवटी ती घरी येते, ते उत्तम. ज्यांच्या शेवटी कुठल्या तरी परक्या धक्क्यावर बसून राहते, ते बाद. असे घरी येणारे खंड मोजून पाहिले तर नेमके सहा. काका स्वतःवर इतके खूश झाले की त्यांनी चहात दोनदा साखर घातली.

आता राहिला होता बाविसावा. तो त्यांनी मोठ्या आशेने उघडला, आणि पहिल्याच चित्राने त्यांचा ऊर भरून आला. दिवेवाली घरात! पेटी खुंटीवर टांगलेली, टेबलावर दोन कप, बाप-लेक समोरासमोर. काका सावरून बसले. पण पुढच्या पानावर तिने पेटी खुंटीवरून काढली. त्याच्या पुढच्या पानावर ती उंबऱ्याबाहेर. मग फाटकाबाहेर. बाप हात वर करून उभा, आणि ती चाललीय मागे मागे, घराकडे तोंड करून, चौकटीगणिक लहान होत. जाणारी माणसं निदान पाठ फिरवतात, मन घट्ट करायला बरं पडतं. ही बापाकडे बघत बघत गेली, आणि उरलेला खंडभर परत आलीच नाही.

काकांनी खंड मिटला आणि नको असलेल्यांच्या ढिगात सगळ्यांत खाली घातला.

शनिवारी दातांचा डॉक्टर आला. गोल चेहऱ्याचा, बोटं जपून वापरणारा माणूस. पुस्तक उघडताना तो आधी दोन्ही बाजूंनी दाबून ते हलतंय का बघे. ढिगाच्या तळाशी पोचल्यावर त्याचे हात थांबले.

"काका, यात शेवटचा खंड आलाय. चुकून?"

"चुकून नाही. न्या तो. आधी न्या."

"अहो, पण हा शेवट! मी तीनदा रडलो यावर."

"मी एकदाच. दुसऱ्यांदा उघडायची छाती झाली नाही."

"तो बाप फाटकात हात वर करून उभा..."

"तेच तर!"

"आणि ती त्याच्याकडे बघत..."

"पुरे हो डॉक्टर," काका म्हणाले. डॉक्टरचेही डोळे भरून आले होते. दोन मोठी माणसं जुन्या पुस्तकांच्या ढिगाशेजारी नाकं ओढत बसली, आणि जाताना डॉक्टरने काकांचा हात असा दाबला, जसा समदुःखी माणसाचा दाबतात.

रविवारी लेक आली. "जेवलास का?" "गोळी घेतलीस का?" दोन्ही प्रश्न चपला काढता काढताच संपले. तिसऱ्या वाक्याची पाळी यायच्या आत काकांनी सहा खंड टेबलावर ओळीने मांडले.

तिने बघितले. पुन्हा बघितले. "हे सहा? हेच का पण?"

"कारण या सहांत ती शेवटी घरी येते."

"घरी कुठे येते? घरातून जाते, बाबा! या सहांची सुरुवातच घर सोडण्यापासून होते."

"मी वाचलेत. तू फार दिवसांत वाचले नसशील." काकांनी तिसरा खंड घेतला, डाव्या हाताचा पुठ्ठा उघडला, पंज्याची मुलगी मागे टाकली आणि बोट ठेवलं. "हे बघ, इथे दिवा लागलेला. आता ती तो बिघडवणार."

लेकीचं तोंड उघडं पडलं. तिने खंड हळूच त्यांच्या हातातून घेतला आणि पंजावाल्या मुलीचं पान त्यांच्या नाकासमोर धरलं. "वाच."

काकांनी वाचलं. 'थांबा! तुम्ही पुस्तक शेवटाकडून उघडले आहे. जपानी चित्रकथा उजवीकडून डावीकडे वाचतात.'

"तू सूचना वाचली नाहीस?" लेक म्हणाली. "तू?"

"सूचना कोण वाचतं?" काका म्हणाले.

मग ती जी हसत सुटली ती खुर्चीतून खाली बसेपर्यंत. "दिवा बिघडवते? आणि लोक आभार मानतात? आणि ती पाठमोरी का येते रे मग?" "लाजून," काका म्हणाले, आणि तिला पुन्हा उमाळा आला. एकेक खंड तिने त्यांच्याकडून उलटा ऐकला आणि सुलटा सांगितला. मधेच ती आपल्या साहेबाबद्दल बोलली, मधेच काका गुडघ्याबद्दल बोलले, आणि कोणी घाबरलं नाही. फोनवर रोज 'जेवलास का' विचारणारी दोघं त्या दिवशी जेवायचंच विसरली.

"आणि बाविसावा?" तिने विचारलं. "त्यात तर ती खरंच परत येते. कायमची. पेटी खुंटीला लावते. तो कुठाय?"

काकांचा चेहरा पडला. "तो मी सगळ्यांत आधी देऊन टाकला."

लेक काही बोलणार तोच बेल वाजली. दारात दातांचा डॉक्टर, डोळे तांबारलेले, बगलेत खंडांचं पुडकं.

"माफ करा, राहवलं नाही," तो म्हणाला. "फळीवर सोळा लावले. मधे सहा जागा रिकाम्या. सहा दात पडलेल्या जबड्यासारखी दिसते हो! मी माणसांना असं घरी जाऊ देत नाही. बदल्यात यातला कुठलाही मागा, पण ते सहा द्या."

"बाविसावा द्या," लेक म्हणाली.

डॉक्टर कळवळला. पण हिशेब त्यालाही येत होता. "एकवीस म्हणजे एकच दात गेलेला. तोही कडेचा. चालेल, हसताना ओठ मिटून घेईन," म्हणत त्याने पुडकं सोडून बाविसावा काढून दिला, आणि ते सहा घेऊन जाताना काकांचा हात पुन्हा दाबला.

सोमवारी लेक निघाली तेव्हा तिची पिशवी आली होती तशीच रिकामी होती. बाविसावा खंड तिने टेबलावर ठेवला. "हा तुझ्याकडे राहू दे. उजवीकडून वाच. आणि फोन केलास की आधी सांग, कितव्या पानावर आहेस."

"आणि तुझा कट्टा?"

"कुंडी ठेवेन."

गाडी गल्लीच्या टोकाला उभी होती. काका दारात आले आणि त्यांनी हात वर केला. चार पावलं गेल्यावर लेक थांबली. वळली. आणि पिशवी खांद्याला अडकवून, त्यांच्याकडे तोंड करून, मागे मागे चालायला लागली. एका सायकलीला धडकली, कचऱ्याच्या डब्याला "सॉरी" म्हणाली, पण वळली नाही. घरागणिक, पावलागणिक लहान होत गेली.

शेजारच्या बाई चष्म्याशिवाय दारात आल्या. डोळे बारीक करून त्यांनी रस्त्याकडे पाहिलं.

"अगोबाई, लेक आली वाटतं तुमची!"

काकांनी वर केलेला हात खाली घेतला नाही.

"हो, येतेय," ते म्हणाले. "जरा वेळ लागेल, एवढंच."