दोन इंचांचे समतलीकरण

मार्चच्या पहिल्या सोमवारी, नॉर्थ डकोटातल्या एका लहान गावात, ऑरिन ट्वेट या पंचावन्न वर्षांच्या अविवाहित गृहस्थास असे कळवण्यात आले, की त्याच्या पिकअपचे नाक दोन इंच खाली आहे.

पिकअप बावीस वर्षांची होती. चारही चाकांना इंजिनाचा जोर होता, बर्फात कुठेही जायची, आणि एवढ्या काळात तिच्याविरुद्ध एकही तक्रार दाखल नव्हती. कळवणारा लायल हा ऑरिनचा शेजारी. शिवाय हिवाळी जत्रेतल्या वाहन-मिरवणुकीच्या समितीचा अध्यक्ष. पेट्रोल पंपावर कॉफी पिता पिता त्याने बोटाने हवेत एक उतरती रेघ ओढली आणि म्हणाला, "ऑरिन, तुझी गाडी पडलेली चिल्लर शोधत चालल्यासारखी दिसते बघ."

टेबलाभोवतीचे बाकीचे हसले नाहीत. त्या भागात न हसणे हे हसण्याहून वाईट समजतात.

शनिवारी मिरवणूक होती, तीत गाड्यांना क्रमांक मिळत, आणि ऑरिनने नाव नोंदवले होते. त्याआधी गुरुवारी ऑरिनच्या आईचे, अल्माबाईंचे, मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. इस्पितळ साठ मैलांवर, आणि तारीख पाच महिन्यांनी मिळालेली. अल्माबाई एव्हाना कॉफीत मीठ घालू लागल्या होत्या आणि चूक कबूल करायची नाही म्हणून ती पीतही होत्या. रस्त्यावर बर्फ साचलेला. जाईल तर ही पिकअपच. म्हणजे ऑरिनच्या हाती मोकळे असे तीन दिवस होते. एवढ्या वेळात शहाणा माणूससुद्धा पुष्कळ नुकसान करू शकतो.

मेकॅनिक डेनीने त्याला समजावून पाहिले. कारखान्याने नाक मुद्दामच खाली ठेवलेले असते. मागे माल भरला की मागची बाजू दबते आणि गाडी आपोआप सरळ होते.

"पण मी कुठे माल भरतो?" ऑरिन म्हणाला.

"मग पिकअप कशाला घेतलीस?"

हा प्रश्न विषयपत्रिकेबाहेरचा असल्याने त्याची दखल घेण्यात आली नाही. पुढच्या स्प्रिंगांवर लोखंडी चकत्या बसवून गाडी दोन इंच उचलण्यात आली. गाडी सरळ झाली आणि तत्क्षणी लक्षात आले, की टायर फार लहान आहेत. पैलवानाने धाकट्या भावाचे बूट घालावेत तशी ती दिसू लागली. मंगळवारी तेहतीस इंची टायर आले. ते मडगार्डाला घासू लागले, म्हणून मडगार्डाची आतली कड कापली. तरी डावीकडे पूर्ण वळताना घासतच होते. तेव्हा ऑरिनने डावीकडे वळणे सोडले. गावातल्या गावात जिथे जायचे तिथे तो तीनदा उजवीकडे वळून जाऊ लागला.

टायर मोठे झाल्यामुळे मीटर वेग कमी दाखवू लागला आणि पोलिसाने अडवले. पोलिसाने आधी टायरचे माप विचारले, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, "वाईट नाही" म्हणाला, जी तिकडची सर्वोच्च पदवी आहे, आणि मग दोन पावत्या फाडल्या: एक वेगाची, दुसरी वर उचललेल्या दिव्यांनी समोरच्याचे डोळे दिपवल्याची.

बुधवारी आईला चढवण्याची रंगीत तालीम झाली. दाराखाली पायरी लावता आली असती, परंतु समितीच्या नियमानुसार पायरीचे वाहन 'कौटुंबिक' विभागात ढकलले जाते. म्हणून स्वयंपाकघरातले स्टूल.

"मला इस्पितळात नेतोयस की माळ्यावर ठेवतोयस?" अल्माबाईंनी मधल्या उंचीवरून विचारले.

संध्याकाळी लायल गवंड्याची लेव्हल पट्टी घेऊन आला. गाडी आता मागून एक इंच खाली निघाली. कारण उघड होते. हिवाळ्यात तिकडे सगळेच पिकअपच्या मागच्या हौद्यात वाळूची पोती ठेवतात. नाहीतर हलकी झालेली मागची बाजू बर्फावर घसरते. ऑरिननेही उद्याच्या प्रवासासाठी चार पोती दुपारीच चढवली होती.

"मोजमाप रिकाम्या गाडीचं असतं," लायल म्हणाला.

"पण उद्या आईला न्यायचंय, लायल. रस्त्यावर नुसता बर्फ आहे."

"टायर बघ केवढे आहेत तुझे."

हा युक्तिवाद ऑरिनला पटला, कारण टायर खरोखरच केवढे तरी होते. पोती उतरली, मोजमाप शून्यावर आले, आणि पोती परत चढू नयेत म्हणून लायलने हौद्याच्या मागच्या फळीला समितीची मोहोर लावली. ती शनिवारपूर्वी तुटल्यास प्रवेश रद्द.

गुरुवारी गावाबाहेर सातव्या मैलावर रस्ता डावीकडे वळला. ऑरिन पूर्ण वळू शकला नाही; मागच्या बाजूला तर वळण्याची इच्छाच उरली नव्हती. गाडी सावकाश, अत्यंत प्रतिष्ठेने, शेतातल्या बर्फात जाऊन बसली. कोणाला खरचटलेही नाही. ओढून काढणारी गाडी चार तासांनी आली. इस्पितळाने फोनवर सहानुभूती व्यक्त करून अकरा आठवड्यांनंतरची तारीख दिली.

मोहोर मात्र शाबूत होती. शनिवारी ऑरिनच्या पिकअपला पहिला क्रमांक मिळाला. चौकटीतले प्रशस्तिपत्र घेऊन तो घरी आला आणि आईसमोर धरून उभा राहिला. अल्माबाई विणत होत्या. त्यांनी चौकटीच्या जरा डावीकडे पाहिले.

"वाच," त्या म्हणाल्या.

"पूर्ण समतल वाहन. प्रथम क्रमांक."

"मग आधी कसं होतं?"

"पुढून दोन इंच खाली होतं, आई."

"ते कोणाला दिसत होतं?"

"सगळ्यांना."

अल्माबाईंनी सुईवरचे टाके बोटाने चाचपले. "मग ऑपरेशनला त्यांना न्यायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

वाचकहो, तुम्ही अल्माबाईंच्या बाजूने आहात हे आम्ही धरूनच चाललो आहोत. आता खिशातला फोन बाहेर काढा, आणि याच्या आधीचा नेमका कशाने बिघडला होता, तेवढे आठवून पाहा. घाई नाही.