दिगूकाकांचा महाल

आमचे शेजारी दिगूकाका रोज जेवण झालं की इस्त्रीचं धोतर नेसून स्वतःच्याच रिकाम्या गोठ्यात खुर्ची टाकून बसतात. कुणी भिंतीपाशी गेलं की लगेच ओरडतात, "हात लावू नका! लांबून बघा!"

"तिकडं म्हालात दर खोलीत असा एक माणूस बसतोय, मास्तर," असा त्यांचा खुलासा.

तिकडं म्हणजे व्हिएन्नाला. काकांचा एकुलता एक मुलगा संजय तिथं नोकरीला आहे. त्याच्याकडे महिनाभर राहून काका ताडकळसला परतले ते एक सोनेरी नक्षीचा, जुना बरोक महाल डोक्यात घेऊनच. एस.टी. उशिरा आली तरी त्यांना महाल आठवतो. दारातलं मेंदीचं कुंपण कातरून त्यांनी वेलबुट्टीची बाग केली. निम्मी वेलबुट्टी माझ्या शेळीनं खाल्ली, तेव्हा आठ दिवस माझ्याशी अबोला होता.

ट्रॅक्टर आल्यावर जनावरं विकली होती. त्या गोठ्यात आता चित्रं लागली: कॅलेंडरावरचे देव, वारलेले आजोबा, संजयनं चौथीत काढलेला बैल. सगळ्यांना सोनेरी ऑइलपेंट दिलेल्या चौकटी. महालाच्या छतावर पंखवाली, गुटगुटीत, उघडी लेकरं होती म्हणे. काकांनी पेंटर बोलावून पत्र्यावर तशीच काढून घेतली. काकूंनी वर बघितलं मात्र, "अवो, बायामाणसं येतेत इथं!" म्हणून सगळ्यांना चड्ड्या घालायला लावल्या.

दिवाळीला संजय चार दिवस येणार म्हणून कळलं, तसे काका गोठ्यात बांबूचे तट्टे आडवे-उभे लावायला लागले. सरळ दोन मिनिटांत बघून होणारा गोठा आता वळसे घेत बघावा लागणार होता.

"हे काय करायलाव काका?"

काका खुर्चीत बसले. "पोराच्या कानाचा फोन सुटत न्हाई, मास्तर. तिकडं बी महिनाभर तसंच. येकच दिस म्हालात नेलं मला. तिथं फोनला बंदी. येकेका चित्राम्होरं थांबून लय बोलला माझ्यासंगं." मग म्हणाले, "खरं सांगू? म्हाल मी नीट बघितलाच न्हाई. त्याच्याकडंच बघत होतो."

मी पुढं होऊन तट्टा धरला.

संजय आला तो फोनवर बोलतच. गोठ्याच्या दारात काकांनी हात पुढे केला. "म्हालाचा नेम हाय." संजय हसला, फोन काकूंकडे देऊन आत गेला. लगेच फोन वाजायला लागला. काकूंनी तो पदराखाली धरला आणि तडक स्वयंपाकघर गाठलं.

मी बागेत उगाच मेंदी निरखत उभा राहिलो. दोन मिनिटं कधीच होऊन गेली होती. तट्ट्यांआडून संजयचा आवाज आला, "बाबा, मी पहिल्यांदा विमानात बसलो तवा तुमी घरी येऊन रडला म्हणे?"

काका काय सांगतात ते ऐकायला मी थांबलो नाही. मास्तर असलो तरी एवढी अक्कल मला आहे.