तिसऱ्या खांबाखालील पिवळ्या निशाणाची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न असोत, माळावरचा वारा शांत असो, आणि लिहिणाराचा हात अखेरपर्यंत आखडू नये. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सर, चैत्र वद्य प्रतिपदा, भानुवार, ते दिवशी राज्याच्या माळावर मॉडेल विमानांची खांबशर्यत जाहली, तिचे वर्तमान ऐसे.

शर्यतीची रीत ऐसी की, माळावर तीन खांब त्रिकोणी रोवावे, आणि वीरांनी एका टोकास उभे राहून, हातातील रिमोटाने, घारीएवढी आपली विमाने त्या खांबांस बाहेरून वळसा घालीत दहा फेरे फिरवावी. प्रेक्षकांच्या दोरीवरून विमान गेले तर वीर बाद, मग कोणास लागो वा न लागो. खांबाच्या आतून वळले तर एक फेरा दंड. हे पाहण्यास दूरच्या तिसऱ्या खांबाखाली पंच उभा, डोकीस हेल्मेट, एका हाती पिवळे निशाण, दुसऱ्या हाती तांबडे, आणि ज्या रंगाचे विमान आतून वळेल त्या रंगाचे निशाण त्याने वर करावे.

हे पंच म्हणजे हैबतराव कुदळे. वय बासष्ट, सव्वीस वर्षे खांबाखालची चाकरी, वर बघून बघून मानेचे मणके झिजले. पेशजी निशाण वर गेले की वीर पंचाची गचांडी धरीत, आणि शर्यत राही बाजूस, भांडणच दिवसभर चाले, म्हणोन हैबतरावांनीच कलम लिहिले की, वर गेलेले निशाण फिरत नाही, खुद्द पंच म्हणाला तरी फिरत नाही. मग एके साली एका पंचाने उकडते म्हणोन हेल्मेट काढले, आणि ताशी पाऊणशे कोसांनी येणारे विमान बसून त्याचे कपाळ फुटले, म्हणोन दुसरेही कलम त्यांनीच लिहिले की, शर्यत चालू असता पंचाचे डोके उघडे राहिल्यास ती शर्यत रद्द होऊन पुन्हा व्हावी, आणि तो पंच जन्मात खांबाखाली उभा न राहावा. दोन्ही कलमे लिहून ते समाधान पावले होते. समाधान कसले, आपल्याच गळ्यात धोंड बांधून घेतली, पण माणसास आधी कळते थोडेच!

ते दिवशी अखेरच्या शर्यतीस दोघे उरले. एक सरदार सर्जेराव, चार साले अजिंक्य, विमान तांबडे. दुसऱ्या सगुणाबाई दिघे, शाळेत भूगोल शिकवीत, तीन साले दुसऱ्या आलेल्या, विमान पिवळे. जिंकेल त्याने परराज्यीच्या थोर शर्यतीस जावे ऐसा करार. दुपार टळटळीत, वारा पडलेला, आणि हेल्मेटात घाम ऐसा साचला की हैबतरावांच्या डोळ्यांत उतरून आग आग जाहली, आणि आठव्या फेऱ्यास त्यांनी हेल्मेट काढून काखेत धरले आणि बाहीने डोळे पुसले. दोन पळांचे काम. मग वर पाहतात तो एक विमान खांबाच्या आतून, पोट दाखवीत, सणाणत गेले. पोट पिवळे, त्यावर काळा पट्टा. हैबतरावांनी पिवळे निशाण वर केले, आणि सगुणाबाईंस एक फेरा दंड पडोन त्या हरल्या.

मग हैबतराव पाय ओढीत तंबूकडे येतात तो सर्जेरावांचे विमान पुसण्यास उताणे ठेविलेले. वरून तांबडे खरे, परंतु पोट पिवळे, आणि त्यावर काळा पट्टा! हैबतरावांच्या तोंडचे पाणी पळाले. सगुणाबाईंचे विमान जाऊन पाहिले, तर पोट नुसते पिवळे, पट्ट्याचे नाव नाही. आतून वळले सर्जेराव आणि दंड भोगला बाईंनी! बाई पंख सोडवून पेटीत भरीत होत्या, ते पाहोन हैबतरावांस मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तैसेच ते शर्यतीचे मुख्य बहिरोपंत यांजकडे गेले आणि म्हणाले, “पंत, माझे निशाण चुकले. दंड सर्जेरावांचा होता.”

पंतही दिवसभर उन्हात शिजलेले. म्हणाले, “हैबतराव, कलम कोणी लिहिले? निशाण फिरत नाही. आज तुमचे फिरवले तर उद्या माझ्या दारात रांग लागेल. घरी जा, ताक प्या, पडा निवांत.”

 सव्वीस वर्षांत हैबतरावांस शाबासकी कोणी दिली नव्हती, एक खांबाखालची जागा तेवढी होती. मग म्हणाले, “चूक नाही ना चालत? मग अपराध सांगतो. आठव्या फेऱ्यास माझे डोके उघडे होते.”

पंत ताडकन उठले आणि हळूच म्हणाले, “अहो, कोणी पाहिले नाही. तोंड आवरा.”

“मी पाहिले ना,” हैबतराव म्हणाले. “लिहून घ्या, पंत. पाय दुखतात माझे.”

मग पंतांनी नाइलाजे लिहून घेतले, आणि शर्यत रद्द जाहली, आणि सर्जेरावांनी मोठा गहजब केला, तरी कलमापुढे त्यांचे काही चालले नाही, आणि त्यांच्या विमानाचे पोट आधी तांबडे रंगवून घेतले. हैबतरावांची निशाणे काढून दुसऱ्या पंचास दिली, आणि हैबतराव दोरीबाहेर लोकांत जाऊन उभे राहिले. मग उन्हे कलता शर्यत पुन्हा सुटली. सात फेरे बाई पुढे, हैबतरावांचा ऊर भरोन आला, आणि आठव्यास वारा उठला, नवव्यास बाईंनी वळण आवळून घेतले, आणि विमान हातभर आतून गेले. नव्या पंचाचे पिवळे निशाण वर गेले. दोरीबाहेर हैबतरावांचाही रिकामा हात वर गेला होता, तो त्यांनी शेजारचे लोक पाहतात म्हणोन खाली घेतला. सर्जेराव पाचव्यांदा अजिंक्य ठरले.

मग सगुणाबाई पेटी घेऊन हैबतरावांजवळ आल्या. हैबतराव म्हणाले, “बाई, माफ करा हो. इतके करून काही उपयोग झाला नाही.”

“काका, मघाशी मी नीट वळले होते, हे मला ठाऊक होते,” बाई म्हणाल्या. “सांगणार कोणाला? घरी जाऊन महिनाभर झोप लागली नसती. आता मी हरले. आता झोपेन.”

येणेप्रमाणे भानुवारचे वर्तमान. जिंकणारा तोच राहिला, कलमे तीच राहिली, राज्यात एक पंच मात्र उणा जाहला. पुढील साली तिसऱ्या खांबाखाली कोण उभे राहावे याची मसलत तीन मास चालली, परंतु हेल्मेट घालून उन्हात उभे राहण्यास, त्या दिवशीचा नवा पंच धरोन, कोणी पुढे आले नाही. कळावे.