राहीबाईंनी ब्रेक दाबला

राहीबाईंना जाग आली तेव्हा गाडी चालू लागली होती. पलंगावर पडल्या पडल्याच त्यांनी पडद्याकडं बघून विचारलं, "आवं, झाली का गाडी नीट?"

उत्तर आलं नाही. "बोलू नगा. चूक कळली म्हनायची," असं म्हणून त्यांनी कूस बदलली.

सुभेदार नाथाजी फौजेतून आले, शिराळ्यात बरीच वर्षं ऊस केला आणि मग शेत पोराच्या हवाली करून त्यांनी एक जुनी ट्रॅव्हलर घेतली. सीटा काढून आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवली. आपलं जिथं जिथं पोस्टिंग झालं, ती सगळी ठिकाणं पार जैसलमेरपर्यंत बायकोला दाखवायची, असा बेत. बरोबर बुलेट, घरचा कुत्रा. "गाडी आदी मेस्त्रीला दावा," असं राहीबाई परोपरीनं सांगत होत्या. "फौजेत रणगाडे दुरुस्त केलेत मी," हे सुभेदारांचं उत्तर. वायरिंगसुद्धा त्यांनी स्वतःच्या हातानं केलं.

म्हसवडच्या सिद्धनाथाचं दर्शन घेऊन साताऱ्याकडं निघाले आणि पुसेगावात इंजिनानं धूर ओकला. जे बोलायचं ते राहीबाईंनी बोलून घेतलं, पुढं घाट आहे म्हणून उलटीची गोळी घेतली आणि त्या आडव्या झाल्या. त्या गोळीनं अशी झोप लागली की काही विचारू नका.

आता मात्र त्यांच्या लक्षात आलं, की गाडी पळतेय पण इंजिनाचा नेहमीचा आवाज नाही. त्या उठल्या. त्यांनी पडदा सारला.

सुभेदार जागेवर नव्हते. तिथं बुलेट बसला होता. पुढचे पाय स्टेअरिंगवर, जीभ बाहेर.

राहीबाईंनी काचेतून बघितलं. समोरचा रस्ता जवळ येत नव्हता, लांब पळत होता. गाडी उलटी चालली होती! बाजूला वर्धनगडाच्या घाटाची दरी, आणि तीही एरवीपेक्षा खोल. त्यांना सगळा उलगडा झाला. चढाला इंजिन बंद पडलं, धनी दारातनं पडलं आणि गाडी घाटातनं मागं घसरत निघाली!

"सरक रं मुडद्या!" त्यांनी बुलेटला ढकललं आणि त्या जन्मात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या. स्टेअरिंग हलेना. हँडब्रेक आधीच ओढलेला. राहिला हॉर्न. तो त्यांनी दोन्ही हातांनी दाबला.

गाडी दरीकडं सरकली.

त्यांनी घाबरून हात काढला. गाडी हळूच रस्त्याच्या मध्यावर आली. पुन्हा हॉर्न दाबला. पुन्हा दरी! "ह्या मानसानं तारा कुटल्या कुटं जोडल्यात!" राहीबाई रडवेल्या झाल्या.

समोरच्या काचेतून मोटरसायकलवर एक जोडपं जवळ येताना दिसलं. राहीबाईंनी जिवाच्या आकांतानं हात हलवला. "बाजूला व्हा! बिरेक न्हाई!" गडी हसला, साइड दिल्याबद्दल हात दाखवला आणि निघून गेला.

मग त्यांनी हॉर्न वाजवला तो सोडलाच नाही. दगडी कठडा अगदी चाकाजवळ आला. "सिद्धनाथा, धन्याला जित्ता ठेव," म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही पाय ब्रेकवर रोवले.

गाडी हळू झाली आणि थांबली!

राहीबाईंनी डोळे उघडले. तेवढ्यात मागच्या बाजूनं नाथाजींचा आवाज आला, "कुटाय रं त्यो हॉर्नवाला? किती साइड द्यायची? दरीत घालू का गाडी?"

मुठी आवळत ते पुढं आले. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. त्यांनी वर बघितलं आणि काचेआड बायको दिसताच त्यांच्या मुठी आपोआप सुटल्या. आता दरीपेक्षा मोठं संकट त्यांच्यापुढं होतं.

राहीबाईंनी खिडकीतून डोकं काढलं. "आवं! जित्ते हायसा! कुटं पडला हुतासा? लय लागलं का?"

शिव्या झेलायला तयार झालेले सुभेदार क्षणभर गोंधळले. मग हळूच म्हणाले, "लागलं की... थोडं. गुडघ्याला." आणि चार पावलं लंगडत दाराशी आले.

"तसंच पळत आलासा माझ्यासाठनं?"

"मग काय तर."

राहीबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी दार उघडून पाय खाली टाकला. तो अधांतरीच राहिला. त्यांनी वाकून बघितलं. आपल्या चाकांखाली लोखंडी फळी, फळीखाली दुसरीच चाकं. आख्खं घर एका ट्रकवर पाठमोरं चढवून, साखळ्यांनी आवळून ठेवलेलं.

ट्रकच्या केबिनमधून ड्रायव्हर अर्जुना उतरला. "काय वं सुभेदार? तुमच्या गाडीपायी आरशात मागचं कायबी दिसत न्हाई, म्हून म्या निस्ती साइडच देत हुतो. आन मावशी वर हाईत? मगाशी तुमी तर म्हनलासा, गाडीत कोन न्हाई!"

"झोपली हुती," नाथाजी पुटपुटले. "उटवली असती तर राहिल्यालं समदं बोलली असती."

राहीबाईंनी साखळ्यांकडं बघितलं, मग नवऱ्याकडं बघितलं. सरहद्दीवर कधी न भ्यालेल्या सुभेदारांच्या कपाळावर घाम आला.

"आवं," त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "कुटला म्हनलासा गुडघा?"

नाथाजींनी चटकन डावा गुडघा धरला.

लंगडले होते ते उजव्या पायानं.