शालिकभाऊंचा फिरकीचा तांब्या

आमच्या शालिकभाऊंनी घराबाहेर कुणाचं पाणी प्यायलेलं मलकापुरात कित्येक वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. बाजारात जावोत, भुसावळला जावोत की समोरच्या आळीत कुणाच्या सत्यनारायणाला जावोत, खांद्याला लाल दोरीनं अडकवलेला फिरकीचा तांब्या ठरलेला. पितळेचा, पोटाशी जरा चेपलेला. समोरच्यानं पाणी पुढे केलं की हे दोन्ही हात जोडत आणि म्हणत, "नोको भाऊ. आपलं पोट दुसरं पानी घेत नाही." मग फिरकी उघडून मान मागे टाकत आणि आपल्याच विहिरीचं पाणी वरून घटाघटा पीत.

यात गंमत अशी, की ते ज्या पाण्याचा एवढा मान ठेवत ते पाणी होतं मचूळ. आमच्या आळीतल्या त्या विहिरीचं पाणी पाहुण्याच्या तोंडात गेलं की पाहुणा आधी तांब्यात पाहायचा आणि मग आमच्याकडे. डाळ त्यात लवकर शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. आणि शालिकभाऊ ते खारट पाणी खांद्यावर वागवत घाट चढून जायचे, वर, जिथल्या विहिरींचं पाणी नारळासारखं गोड. स्टँडवरचे हमाल त्यांना पाहून म्हणत, "निघाला समुद्र."

शालिकभाऊंचा मळा होता नळगंगेच्या काठी. वांगी, मिरच्या, मेथी. माल घेऊन खामगाव, अकोला, भुसावळ अशी त्यांची फिरती असे. नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती, एस.टी. नवनव्या गावांना जाऊ लागली होती, आणि ज्यांनी तालुक्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं असे लोकही लग्नाकार्याला लांब निघू लागले होते. अशा लोकांना शालिकभाऊ म्हणजे मोठाच आधार. प्रवासाला निघणारा माणूस आदल्या दिवशी त्यांच्या ओट्यावर येऊन बसायचाच. नाही आला तर हे त्याच्याकडे जायचे.

"कुठं जाऊन राह्यले?"

"बुलढाण्याले."

"सकाळच्या गाडीनं? मंग डायवरच्या बाजूले बसा. ऊन कंडक्टरच्या बाजूनं येते. पन राजूरच्या घाटात ध्यान ठेवा. तिथं सूर्य फिरते."

सूर्य फिरत नाही, रस्ता फिरतो, असं आमच्या शाळेतल्या मास्तरांनी एकदा त्यांना नम्रपणे सांगून पाहिलं. शालिकभाऊ म्हणाले, "कोनीबी फिरो गुरुजी, ऊन तुमच्या टकलावर येते का नाही?" मास्तरांनी मान्य केलं. घाटात शालिकभाऊ स्वतः दर वळणाला उठून पलीकडच्या बाकावर जात आणि पुढच्या वळणाला परत येत. वर चढेपर्यंत सगळी गाडी त्यांना जागा करून देऊन दमून जाई.

त्यांच्या सूचनांना अंत नव्हता. उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवावा, लू लागत नाही. दशम्या दुधात भिजवाव्यात, पाण्यात भिजवलेल्या दुसऱ्या दिवशी आंबतात. रेल्वेत झोपताना एक चप्पल उशाशी आणि एक पायथ्याशी ठेवावी, कारण चोर एकटी चप्पल उचलत नाही. चोर खरंच उचलत नाही. पण अकोल्याला घाईत उतरताना मालकही एकटीच उचलतो, हे मी स्वानुभवानं सांगतो.

पेटीच्या कडीला लाल चिंधी बांधावी, ही त्यांची सगळ्यांत गाजलेली सूचना. "हजारात वळखू येते," ते म्हणत. आमच्या आळीतून एकदा नांदुऱ्याकडे, वडनेर भोलजीला वऱ्हाड निघालं. शालिकभाऊ आदल्या दिवशी घरोघर फिरून आले होते. वडनेरला गाडीच्या टपावरून पेट्या खाली उतरल्या तेव्हा प्रत्येक पेटीला लाल चिंधी होती. नवरदेवाच्या पेटीत मामाची धोतरं निघाली, आणि नवरदेवाचा कोट कुणाच्या तरी आत्याच्या लुगड्यांत मुहूर्त टळल्यावर सापडला. शालिकभाऊंना याचं जराही वाईट वाटलं नाही. "चिंधीनं आपलं काम केलं," ते म्हणाले. "मानसं हिरवी बांधू शकत होते."

आणि ठिकठिकाणच्या माणसांची माहिती. कुठल्या गावात पाहुण्याला आधी गूळ देतात, कुठे चहा नाही म्हटलं तर खरंच आणत नाहीत, कुठे दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा घ्यायचा असतो. "घाटाखाली मानूस दारातून आवाज देते, घाटावर अंगनात येऊन खाकरते," असं ते सांगत, आणि मी पुढे दोन्हीकडे नीट ऐकून पाहिलं तर ते खरं होतं. मला त्यांचं हे फार आवडायचं. माझं कापडाचं छोटं दुकान, दिवसभर गादीवर बसून जग पाहायचं ते गिऱ्हाइकाच्या तोंडून. शालिकभाऊ आले की चार गावं दुकानात येऊन बसत.

फक्त पाण्याचं मात्र खटकायचं. माझ्यापेक्षा आमच्या मंडळींना जास्त. घराला घर लागून, सणावाराला ताटं इकडून तिकडे जाणारी, आणि हा माणूस आमच्या घरी पुरणपोळी खाऊन वर आपल्या तांब्यातलं पाणी प्यायचा. "एकाच विहिरीचं पाणी आहे ना," ही आतून म्हणायची. "त्यांच्या पोटाला कसं कळतं ते आमच्या माठातलं आहे म्हणून?" मी विचारलंही होतं त्यांना एकदा. ते नुसते हसले आणि मला नागपूरच्या संत्र्यांची साल कशी ओळखायची ते सांगू लागले.

एका चैत्रात मला मेहकरला साडूकडे जायचं होतं. शालिकभाऊंची एकुलती एक मुलगी द्वारका तिकडेच, हिवरा आश्रमाच्या अलीकडच्या एका खेड्यात दिलेली. "चाला, संगं जाऊ," ते म्हणाले. "वापसी बी संगंच करू. लेकीले भेटनं होते." मीही तयार झालो. एवढ्या वर्षांत त्यांच्या सूचना ऐकल्या होत्या, त्यांचा प्रवास जवळून कधी पाहिला नव्हता.

घाटात आम्ही ठरल्याप्रमाणे सूर्य पाहून जागा बदलल्या. चिखली सोडली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं, आणि पुढे कुठेतरी माळावर गाडी बंद पडली. ड्रायव्हर बोनेट उघडून आत डोकावत राहिला. झाड नाही, विहीर नाही. मागच्या बाकावर एका बाईच्या मांडीवर लहान मुलगी होती, ती घाटात उलट्या करून आधीच मलूल झालेली. ती पाणी मागू लागली. आईजवळचं संपलं होतं. माझ्यासकट इतर कुणाजवळच नव्हतं, आणि ज्याच्याजवळ होतं त्याच्या खांद्याकडे सगळी गाडी पाहू लागली.

शालिकभाऊंनी तांब्या मांडीवर घेतला. फिरकीवर हात ठेवून ते थोडा वेळ तसेच बसले. मला राग आला त्यांचा, खरं सांगतो. मग त्यांनी फिरकी उघडली आणि मागे जाऊन तांब्याच त्या पोरीच्या हातात दिला. "पी माय. हळूहळू पी." ती प्यायली, तिच्या आईनं तिचं तोंड धुतलं, आणि तांब्या परत आला तो रिकामा.

गाडी सुरू झाली. द्वारकेच्या गावाच्या फाट्यावर आम्ही उतरलो तेव्हा शालिकभाऊंचे ओठ वाळून पांढरे पडले होते. रस्त्याच्या कडेलाच एक विहीर होती, मोट चालू होती, पाणी थारोळ्यात खळाळत होतं.

"शालिकभाऊ, आता पोटाचं राहू द्या," मी म्हणालो. "घोटभर प्या. तांब्या भरून घ्या."

"इथंच तर नाही पेता येत."

"का?"

ते विहिरीकडे पाठ करून एका दगडावर बसले. "लेकीच्या गावची शीव हाय हे. तुमाले मालूम हाय ना आपल्याकडचं? लेकीले लेकरू होईपर्यंत बापानं तिच्या सासरचं पानी पेऊ नये."

माहीत होतं. आमच्याकडे सगळेच पाळतात. पण द्वारकेच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती, आणि तिला मूल नाही हे मला ठाऊक असूनही हा हिशेब माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

"पहिल्यांदा आलो होतो तवा काहीच वाटलं नाही," शालिकभाऊ म्हणाले. "नवी नवरी होती. मंग दरसाल येत गेलो. एका साली ती पानी घेऊन आली, इसरली बिचारी. मी हात जोडले. ती तशीच उभी राह्यली गिलास घेऊन. तिची सासू पाहून राह्यली, शेजारच्या बाया पाहून राह्यल्या. मंग अंदर गेली, ते मी निघेपर्यंत चुलीपासून उठलीच नाही."

"मग पिऊन टाकायचं एकदा. कोण विचारतं?"

"तेच तर इच्यारतात. बाप पानी पेला म्हनजे बापानंच आशा सोडली. मंग पोराले दुसरी करून द्याले ते मोकळे." त्यांनी तांब्याची दोरी सारखी केली. "म्हनून म्या ठरोलं. पेयाचंबी नाही, आन् लेकीमुळं पेत नाही असंबी दिसू द्याचं नाही. आपलं पोटच तसं हाय म्हनाचं. पन इथल्याइथं म्हटलं तर कोनाले पटीन? मंग भुसावळात म्हटलं, अकोल्यात म्हटलं. तुमच्या घरीबी म्हटलं. वहिनीले राग येते, मले मालूम हाय."

इतकी वर्षं आम्ही जिला सनक म्हणून हसलो, ती या माणसानं गावोगाव हिंडून कष्टानं उभी केली होती, एका घरातल्या एका ओसरीसाठी.

"आणि ते कांदे, चिंध्या, ऊन?"

"तांब्या पाहून लोक इच्यारू लागले ना. एवढं जपून फिरते तर याले परवासातलं कळत असीन. मंग शिकलो हळूहळू." ते जरासे हसले. "ते मातर मले आवडते."

आम्ही गावात गेलो. द्वारकेनं पाय धुवायला पाणी दिलं. मला प्यायला पाणी दिलं, मी प्यालो, आणि त्या पाण्याच्या गोडीची मला लाज वाटली. शालिकभाऊ ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. तांब्या शेजारी. समोर विहीणबाई सुपात ज्वारी पाखडत होत्या. बाई वाईट नव्हत्या, पण नजर पक्की.

"इवाईबुवा, आज तुमचं पानी नाही काढलं?"

"पेतो ना. घाई काय हाय." आवाज चिरकला.

"घसा तर कोरडा पडला तुमचा. का संपलं? संपलं असीन तर आमचं घ्या आता. किती साल वाट पाहाची?"

सूप थांबलं होतं. बोलणं साधं होतं आणि त्यात सगळं होतं. शालिकभाऊंनी तांब्यावर हात ठेवला, पण उचलला नाही. उचलला असता तर तो रिकामा आहे हे कुणालाही कळलं असतं.

द्वारका पुढे आली. "बाबा, तांब्या उन्हात ठेवला तुम्ही," असं म्हणत तिनं तो उचलला. उचलताना तिचा हात अंदाजापेक्षा जास्त वर गेला. क्षणभर तिनं बापाकडे पाहिलं. मग तांब्या घेऊन आत गेली.

बाहेर आली ती तांब्याला ओलं फडकं गुंडाळून. दोन्ही हातांनी धरून आणला होता. "तुम्हीच सांगतलं होतं ना, ओलं फडकं गुंडाळलं म्हनजे पानी थंड राह्यते? घ्या. तुमचं घरचंच हाय. आत्याबाई, तुमाले मालूमच हाय, बाबाले दुसरं पानी चालत नाही."

शालिकभाऊंनी तांब्या घेतला. त्याच्या वजनानं त्यांचे हात मांडीवर टेकले. फिरकी उघडायला त्यांना वेळ लागला. मग मान मागे टाकून ते पीत राहिले, ठसका लागेपर्यंत, मिशा आणि सदरा भिजेपर्यंत. एवढ्या वर्षांत लेकीच्या हातचं पहिलं पाणी ते पीत होते.

"आमच्या मलकापूरचं पानी, विहीणबाई," तोंड पुसत ते म्हणाले. "पोटाले मानवते."

विहीणबाईंनी तांब्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. त्यांना कळलं की नाही, मी सांगू शकत नाही. त्यांनी सूप पुन्हा हलवायला सुरुवात केली आणि म्हणाल्या, "ज्याचं त्याचं पोट."

मी तसाच पुढे मेहकरला गेलो, आणि साडूकडचं काम उरकून दुसऱ्या दिवशी फाट्यावर परत आलो तेव्हा शालिकभाऊ दगडावर बसून गाडीची वाट पाहत होते. तांब्या खांद्याला होता, काठोकाठ. मला पाहून त्यांनी फिरकी उघडली आणि तांब्या माझ्यापुढे धरला. त्यांच्या तांब्यातलं पाणी त्यांनी मला कधीच दिलं नव्हतं.

मी एक घोट घेतला. गोड, थंडगार पाणी.

"कसं हाय?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते रस्त्याकडे पाहत होते.

"मचूळ आहे," मी म्हणालो.

"मंग," फिरकी घट्ट लावत शालिकभाऊ म्हणाले, "आपलंच हाय ना."