लाहनूकाका आणि बिनखिळ्याचा नाल

लाहनूकाका माणसाच्या तोंडाकडे बघत नसे. आधी पाय. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेला, तर हातातला चहा निवेपर्यंत तिच्या चालण्याकडेच बघत बसला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "पोरगी सोन्यासारखी आहे. फक्त डावी टाच दाबते. चप्पल बदला." ठरत आलेलं लग्न मोडलं. मी बीए झाले, झरीच्या आमच्या पाड्यातली पहिली. लोकांनी हार घातले. काकाने माझा नवा बूट काढायला लावला, उलटा केला, अंगठ्याने तळ दाबला. "टिकेल," म्हणाला. "वरून काय बघायचं? खालून बघ." सरपंचाच्या नव्या रस्त्याबद्दलही त्याचं हेच म्हणणं होतं.

काका नालबंद. मुंबईच्या तबेल्यांत तीस वर्षं घोड्यांना नाल ठोकले आणि मग डहाणूतल्या मसोलीत खोली घेऊन एकटा राहिला. डहाणूत घोडे असे किती? किनाऱ्यावर पोरांना फिरवणारे चार-दोन आणि वरातीच्या घोड्या. पण नाल ठोकायचा तो काकानेच.

त्यात बाबुभाईची वरातीची घोडी, चांदणी. रंग दुधासारखा, खूर पापडासारखे. खिळा मारला की कड तुटून हातात यायची. शेवटी बाबुभाईने चिकटवायचे नाल मागवले. खोक्यात प्लास्टिकचे नाल, सोल्युशनच्या दोन नळ्या आणि एक इंग्रजी कागद.

"लाहनूभाई, लग्नं तोंडावर आली. ही उभी राहिली नाही तर ठेवून काय करू, बोलो ने?"

म्हणजे व्यापाऱ्याला देणार. व्यापारी लंगड्या घोडीचं काय करतो, ते काकाला माहीत होतं.

"घोडी आहे की फुटकी बादली? चिकटवा म्हणे!" काका करवादला. तरी मला बोलावणं आलंच. "ए कॉलेज, वाच."

मी ऐटीत वाचलं. खूर कानशीने घासा, कोरडा करा, सोल्युशन लावा, घट्ट होईपर्यंत पाय टेकू देऊ नका. काकाने सगळं बोटांवर मोजून पाठ केलं. मग चांदणीचा पुढचा पाय मांडीवर घेऊन तळ दाबला. घोडी दचकली.

"आत गरम लागतंय. दोन दिवस थांबू." मग त्याने कागदावर बोट ठेवलं. "या लाल चौकटीत काय आहे?"

चौकटीतले दोन शब्द मला येत नव्हते. पण बाबुभाई बघत होता आणि तिथे बीए मी एकटीच होते.

"नेहमीचंच. लहान मुलांपासून लांब ठेवा."

"थांबा असं नाही लिहिलं?"

"नाही."

"मग छापणारा काय वेडा आहे? माझाच हात म्हातारा झाला."

त्याच दिवशी चिकटवला. नाल सुरेख बसला. सोल्युशन सुकेपर्यंत काका पाय धरून वाकलेला आणि चांदणीशी बोलणं चालू: "हलू नको गं बाई. नवरदेव पाडशील, वर हुंडा मला भरायला लावशील."

चार दिवस ती चालली. पाचव्या दिवशी उठलीच नाही. गुरांच्या डॉक्टरांनी नाल कापून काढला तर आतून पू आला. बंद खुरात तो हाडापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी तिला सोडवायचं इंजेक्शन भरलं. काकाने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि श्वास थांबल्यावरही खाली ठेवलं नाही.

डॉक्टरांनी कागद उचलला. "लाल चौकटीत स्पष्ट आहे. खूर आत पिकला असेल तर चिकटवू नका. कोणी वाचलं नाही?"

बाबुभाईने माझ्याकडे बघितलं.

"तिने वाचून दाखवलं होतं," काका म्हणाला. "मीच ऐकलं नाही."

बाबुभाई पुढे जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर डहाणूत कोणी काकाच्या हातात घोड्याचा पाय दिला नाही. महिन्याभरात त्याने खोली सोडली आणि पाड्यावर परत निघाला. मी जिपेपर्यंत पोचवायला गेले.

"काका, मी उद्या बाबुभाईला खरं सांगते."

"गप बस. वनजमिनीच्या पट्ट्याचे, दवाखान्याचे कागद घेऊन पाडा कोणाकडे येतो? तुझ्याकडे. तुझ्यावरचा भरवसा उडाला तर ती माणसं कुठे जातील? माझं काय, मला विचारणारं कोण आहे?"

जीप भरली. तो मागे दाटीवाटीत बसला आणि पहिल्यांदाच सरळ माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "पण एखादा शब्द आला नाही, तर येत नाही म्हणावं पोरी. एवढं कॉलेजात शिकवत नाहीत वाटतं."

बाबुभाईला मी अजून सांगितलेलं नाही.